रिटर्न भरा, पण पॅनकार्डाचा फोटो ग्रुपवर टाकू नका

फॉर्म १६, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेला टॅक्स यांचा कंपनीने दिलेला दाखला, हातात पडला की आमच्या कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी एकच प्रकार सुरू होतो. कुणीतरी विचारतं इन्कम टॅक्सचं रिटर्न कोण भरून देतंय, कुणीतरी एक नंबर टाकतं, आणि मग त्या नंबरवर, काहीजण तर गडबडीत थेट ग्रुपवरच, पॅनकार्डाचा फोटो, आधारच्या दोन्ही बाजू, पासबुकाचं पहिलं पान, फॉर्म १६ ची पीडीएफ असं सगळं एकापाठोपाठ एक सोडून देतात. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे, फॉर्म १६ मीच वाटते, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यासमोर चालतं आणि मला मनापासून त्याची काळजी वाटते. आमच्या मोल्डिंगमधली, फेटलिंगमधली माणसं पैशाच्या बाबतीत लई सावध आहेत, एटीएमचा पिन घरातसुद्धा सांगत नाहीत, पण रिटर्नचा विषय आला की "मॅडम, सरकारी काम हाय, कागद तर द्यायलाच लागणार" म्हणून सगळं देऊन मोकळी होतात. कोणते कागद लागतात, कोणते लागत नाहीत आणि दिलेले कागद पुढं कुठं जातात हे कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून एकदा सविस्तर लिहितेय, वाचा आणि घरच्यांनाही वाचून दाखवा.

आधी पॅनकार्डाचंच घ्या. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमचं एआयएस असतं, म्हणजे तुमच्या नावावर वर्षभरात कुठं काय व्यवहार झाला त्याचा उतारा. नोव्हेंबर २०२१ पासून ही सोय सुरू झाली. ते पीडीएफमध्ये डाऊनलोड केलं की पासवर्ड लागतो आणि आपल्याला वाटतं चला, सुरक्षित आहे. पण तो पासवर्ड काय असतो माहितीय का? तुमचा पॅन नंबर स्मॉल अक्षरात आणि त्याला लागूनच जन्मतारीख, मध्ये स्पेस नाही. समजा कुणाची जन्मतारीख २१ जानेवारी १९९१ असेल तर पॅनच्या दहा अक्षरांपुढं २१०११९९१, झालं. रिटर्न प्रोसेस झाल्यावर कलम १४३(१) ची जी इंटिमेशन, म्हणजे हिशोब तपासल्याचं विभागाचं पत्र, मेलवर येते तिचाही पासवर्ड हाच. आता पॅनकार्ड हातात घेऊन बघा, त्याच्यावर पॅन नंबर छापलाय आणि त्याच कार्डावर जन्मतारीखही छापलीय. म्हणजे पॅनकार्डाचा फोटो आणि एआयएसची पीडीएफ तुम्ही एकाच चॅटवर पाठवलीत तर कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत घालून दिलीत. हा पासवर्ड आपल्याला बदलता येत नाही, सगळ्या देशाला तोच नियम, त्यामुळे सांभाळायचं काय असेल तर ती फाईल आणि तो फोटो.

आणि त्या एआयएसमध्ये असतं काय तर बचत खात्याचं व्याज, एफडीचं व्याज, कुठल्या कंपनीचा डिव्हिडंड आला, शेअर आणि म्युच्युअल फंड कधी घेतले कधी विकले, जागेचा व्यवहार झाला असेल तर तो, आणि हे सगळं कुठल्या बँकेने, कुठल्या कंपनीने कळवलं त्याच्या नावासकट. पगार तर असतोच. आपल्याकडं भावाभावांत, भाऊबंदकीत एकमेकाची एफडी किती हे कुणी कुणाला सांगत नाही, आणि इथं ते एका पीडीएफमध्ये आयतं मिळतं.

रिटर्न तर त्याहून पुढचं आहे आणि यावर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण लोकांना वाटतं रिटर्न म्हणजे पगार आणि टॅक्सचे आकडे. जुन्या करपद्धतीने डिडक्शन, म्हणजे वजावट, घेत असाल तर कलम ८०डी मध्ये आरोग्य विमा, आईवडील साठीच्या पुढचे आहेत का तेही. ८०डीडीबी मध्ये ठराविक मोठ्या आजारांच्या उपचारांचा खर्च, कॅन्सर, किडनी वगैरे. ८०यू आणि ८०डीडी म्हणजे तुम्हाला किंवा तुमच्यावर अवलंबून असलेल्या माणसाला दिव्यांगत्व आहे. ८०जी म्हणजे कुठल्या संस्थेला देणगी दिली, संस्थेच्या नाव-पत्त्यासह. ८०जीजीसी म्हणजे राजकीय पक्षाला दिलेली देणगी. घरकर्ज आहे का, घर भाड्याने दिलंय का, खाती कुठल्या कुठल्या बँकेत आहेत. आता विचार करा, घरातल्या कुणाला काय आजार आहे, तुम्ही कुठल्या पक्षाला पैसे दिले, हे तुम्ही पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला सांगाल का? पण रिटर्न भरणाऱ्या अॅपला आणि एजंटला आपण ते एका दमात सांगून टाकतो, आणि नंतर त्या माहितीचं पुढं काय झालं हे विचारतसुद्धा नाही.

आता अॅप आणि वेबसाइटचं बोलू. मी अॅपच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. शेअर्सचा भरपूर व्यवहार असेल, दोन-तीन ठिकाणी नोकरी झाली असेल तर चांगल्या सॉफ्टवेअरने खरंच काम हलकं होतं. पण काही गोष्टी बघूनच पुढं जायचं. आयकर विभागाने मान्यता दिलेल्या मध्यस्थांना ईआरआय म्हणतात, ई-रिटर्न इंटरमीजियरी, त्यांची यादी पोर्टलवर आहे. असा मध्यस्थ तुम्हाला क्लायंट म्हणून जोडतो तेव्हा तुमच्याकडं ओटीपी येतो, तुम्ही संमती दिलीत की तो तुमची माहिती ओढून घेऊन रिटर्न भरू शकतो. म्हणजे तुमचा ई-फायलिंगचा पासवर्ड त्याला लागतच नाही. मग एखादं अॅप किंवा एखादा माणूस "तुमचा पॅन आणि पोर्टलचा पासवर्ड द्या, बाकी आम्ही बघतो" म्हणत असेल तर तिथंच थांबायचं. पासवर्ड दिला की या वर्षीचंच नाही, मागच्या सगळ्या वर्षांची रिटर्नं, नोटिसा, बँक खाती सगळं उघडं.

अॅप फोनमध्ये टाकलं की ते परवानग्या मागतं. कागदाचा फोटो काढायला कॅमेरा मागितला तर समजू शकतो. पण एसएमएस वाचायची परवानगी, कॉन्टॅक्ट्सची परवानगी, लोकेशन हे रिटर्न भरायला कशाला पाहिजे? एसएमएसमध्ये तर बँकेचे सगळे मेसेज आणि ओटीपी असतात. तीच गोष्ट जीमेलची, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट आपोआप घ्यायला मेलबॉक्स वाचू द्या असं विचारलं तर नाही म्हणा आणि ते एक स्टेटमेंट स्वतः डाऊनलोड करून अपलोड करा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि नोंदणी करताना खाली जे चौकोन असतात ते वाचा की ओ, "आमच्या भागीदारांकडून ऑफर्स मिळवण्यास मी सहमत आहे" यावर टिक आधीच केलेली असेल तर काढून टाका. अॅप फुकट असेल तर त्याचा खर्च कुठून निघतो हा प्रश्न विचारणं अगदी रास्त आहे, कारण तुमचा पगार किती, घरकर्ज आहे का नाही, विमा काढलाय का नाही ही माहिती कर्ज आणि विमा विकणाऱ्यांना सोन्यासारखी.

हे काही मी उगाच घाबरवायला सांगत नाही. अमेरिकेत असंच घडलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये द मार्कअप नावाच्या वृत्तसंस्थेने शोधून काढलं की तिथल्या एच अँड आर ब्लॉक, टॅक्सअॅक्ट, टॅक्सस्लेयर या टॅक्स भरायच्या वेबसाइटवरून लोकांची माहिती फेसबुकच्या कंपनीकडं, म्हणजे मेटाकडं जात होती. कुणी चोरी करायला आलं नव्हतं, हॅकिंगही नव्हतं. जाहिरातींचा हिशोब ठेवायला वेबसाइटमध्ये मेटा पिक्सेल नावाचा एक छोटा कोड बसवलेला असतो, त्या कोडमधून नाव, ईमेल, काही ठिकाणी उत्पन्न आणि रिफंड किती येणार इथपर्यंत माहिती गेली. पुढं २०२३ मध्ये तिथल्या खासदारांनी यावर चौकशी करून अहवालही काढला. टॅक्स भरणाऱ्या माणसाला यातलं काहीही दिसलं नव्हतं, तो आपला प्रामाणिकपणे आकडे भरत होता. म्हणून मी म्हणते की कंपनी मोठी आहे, जाहिरात टीव्हीवर येते, एवढ्यावर विश्वास टाकू नका.

आपल्याकडं २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, मग २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार असं त्यात ठरलं. दंड २५० कोटींपर्यंत आहे. त्यातली एक गोष्ट सामान्य माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. कायदा चांगलाच आहे, पण आपला कागद एकदा चार हातांत गेल्यावर कायदा तो गोळा करून आणत नाही.

अॅपपेक्षा आमच्याकडं जास्त चालतो तो एजंट. कुणाचा तरी पाहुणा, कुणाचा तरी मित्र, "दोनशे-तीनशे रुपये द्या, रिफंडही जास्त काढून देतो." यात माहितीच्या धोक्याबरोबर दुसराही धोका आहे आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. हा माणूस शंभर लोकांची रिटर्नं भरतो, प्रत्येकाचा ओटीपी मागत बसायला त्याला वेळ नसतो, म्हणून तो प्रोफाइलमध्ये स्वतःचा मोबाईल नंबर आणि कुठला तरी ईमेल टाकून ठेवतो. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने खोट्या डिडक्शनच्या प्रकरणात देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केली, तेव्हा सीबीडीटीने, म्हणजे विभागाच्या वरच्या केंद्रीय मंडळाने, स्वतः सांगितलं की असे काही लोक घाऊक रिटर्नं भरायला तात्पुरते ईमेल काढतात आणि काम झालं की सोडून देतात, त्यामुळे विभागाच्या नोटिसा कुणी वाचतच नाही. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० लोकांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. यातल्या कितीतरी जणांना आपल्या नावावर काय भरलंय हेच माहीत नसणार असं मला तरी वाटतं.

आमच्या मोल्डिंगमधल्या एका मामांचं बघा. जेवणाच्या सुट्टीत ते फोन घेऊन माझ्या टेबलापाशी आले, म्हणाले, "मॅडम, जरा बघा की, दोन वर्षं झाली रिफंडचा मेसेज काय येईना." आधार ओटीपीने लॉगिन केलं, नशिबाने आधारला त्यांचाच नंबर होता. प्रोफाइलमध्ये कॉन्टॅक्ट डिटेल्स उघडलं तर मोबाईलचे शेवटचे आकडे भलतेच आणि ईमेलच्या जागी एक पत्ता, त्यात मामांचं नाव नाही आडनाव नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. मामा बराच वेळ त्या पत्त्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "हे कुणाचं हाय?" भरलेली रिटर्नं उघडली तर ८०जीजीसी खाली एक रक्कम, राजकीय पक्षाला देणगी. मामा म्हणाले, "पक्षाला? मी गणपतीच्या वर्गणीशिवाय कुणाला काय दिलेलं नाय." पेंडिंग अॅक्शन्समध्ये एक नोटीस पडलेली, तिचं उत्तर द्यायची तारीख उलटून गेलेली. ती नोटीस त्या ईमेलवर गेली होती, जो मामांनी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. आम्ही तिथंच बसून नंबर आणि मेल बदलला, पासवर्ड बदलला, मग राजारामपुरीतल्या एका सीएकडं त्यांना पाठवलं आणि अपडेटेड रिटर्न, म्हणजे चूक दुरुस्त केलेलं रिटर्न, भरून, व्याजासकट पैसे भरून ते प्रकरण मार्गी लावलं. पण मामांची ती रात्रीची झोप उडाली ती उडालीच, आणि त्यांचा पगार, त्यांच्या मुलीच्या नावाची पॉलिसी, सोसायटीचं खातं हे सगळं कुणाकुणाकडं गेलंय हे आता कळायला मार्ग नाही. हे मला फार लागलं.

सीएकडं देताना निदान एक आधार असतो. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यात असं स्पष्ट आहे की अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला देणं हे व्यावसायिक गैरवर्तन, त्यावर तक्रार होऊ शकते. गल्लीतल्या एजंटाला असलं काही लागू नाही. तरी सीएकडंही विचारायला लाजू नका, की माझे कागद कोण बघतं, व्हॉट्सअॅपवर पाठवू का मेलवर. चांगला सीए याचा राग मानत नाही, उलट नीट सांगतो.

आता मुद्द्याचं, स्वतःच का भरत नाही? नुसता पगार, एक घर, थोडं व्याज असेल तर आयटीआर-१ हा साधा रिटर्न फॉर्म सरकारी पोर्टलवर फुकट भरता येतो, पगार, टीडीएस म्हणजे आधीच कापलेला टॅक्स, व्याज बऱ्यापैकी आधीच भरून आलेलं असतं, ते फॉर्म १६ आणि एआयएसशी ताडून बघायचं, डिडक्शन असेल तर घालायचं आणि आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करायचं, म्हणजे रिटर्न आपलंच आहे याची खात्री द्यायची. हे व्हेरिफाय ३० दिवसांत झालं पाहिजे, उशिरा केलं तर व्हेरिफाय केल्याचीच तारीख रिटर्न भरल्याची धरतात, आणि केलंच नाही तर भरलेलं ग्राह्य धरत नाहीत. पत्ता स्वतः टाईप करा, इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन, गुगलवर शोधून पहिल्या जाहिरातीवर क्लिक करू नका. आणि हे लक्षात घ्या की रिटर्नसोबत कुठलाच कागद जोडायचा नसतो. आधारची झेरॉक्स नाही, पॅनची नाही, एलआयसीची पावती नाही, त्या आपल्याजवळ जपून ठेवायच्या, विचारलं तर दाखवायला. मग समोरचा आधारच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागतो तो कशासाठी? नंबर पुरतो. कुठं द्यायचाच झाला तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मिळतो.

सरकारी पोर्टल म्हणजे शंभर टक्के सुरक्षित असंही मी म्हणणार नाही, ते खरं होणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली होती की पोर्टलमध्ये एक त्रुटी होती, लॉगिन केलेला माणूस आतल्या रिक्वेस्टमधला पॅन बदलून दुसऱ्याची माहिती बघू शकत होता. संशोधकांनी कळवल्यावर ती दुरुस्त केली. ते आपल्या हातात नाही. आपली माहिती सरकारकडं तर जाणारच आहे, पण त्याशिवाय अजून चार ठिकाणी तिच्या प्रती ठेवायच्या का नाही हे आपल्या हातात आहे.

पोर्टलवर एक सोय आहे जी जवळपास कुणी वापरत नाही, ई-फायलिंग वॉल्ट. प्रोफाइलमध्ये जाऊन ई-फायलिंग वॉल्ट हायर सिक्युरिटी म्हणून दिसेल. तिथं लॉगिनसाठी आधार ओटीपी किंवा नेट बँकिंग वगैरेपैकी एक निवडलं की नुसत्या पासवर्डने कुणी आत येऊ शकत नाही. त्याच पानावर पासवर्ड रीसेट करण्यासाठीही तेच लावता येतं, दोन्ही लावा, कारण एक लावून दुसरं उघडं ठेवलं तर काय उपयोग. आणि ऑथोराइज्ड पार्टनर्समध्ये माय ईआरआय, माय सीए बघा, जुन्या अॅपचं किंवा जुन्या माणसाचं नाव अजून असेल तर काढून टाका. मी घरी पेन्शनर आईच्या, नवऱ्याच्या आणि माझ्या, तिघांच्याही ई-फायलिंग खात्याला वॉल्ट लावलाय.

नेट कॅफेतून किंवा झेरॉक्सच्या दुकानातून काम करायला लागलं तर काम झाल्यावर लॉगआउट, आणि डाऊनलोड फोल्डरमधली आपली फाईल डिलीट करून रिसायकल बिनही रिकामा. दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवून प्रिंट काढायची सवय तर बंदच करा, दुकानदार चांगलाच असतो, पण त्याच्या कॉम्प्युटरवर दिवसाला किती लोकांच्या फाईली येऊन पडतात आणि त्या कोण बघतं याचा त्यालाही पत्ता नसतो.

रिटर्न भरून झालं की आठ-पंधरा दिवसांत "तुमचा रिफंड मंजूर झाला, खातं व्हेरिफाय करा" असले मेसेज येतात. लिंक दाबू नका. आयकर विभाग कधी फोनवर, मेलवर पिन, पासवर्ड, कार्डाचा नंबर मागत नाही. खरी नोटीस असेल तर तिच्यावर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर असतो, ऑक्टोबर २०१९ पासूनचा नियम आहे, आणि पोर्टलच्या पहिल्याच पानावर लॉगिन न करता नोटीस खरी का खोटी तपासता येते. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जेवढ्या लवकर कळवाल तेवढी रक्कम अडवायची शक्यता जास्त.

आमच्या कंपनीतल्या लोकांसाठी, येत्या शनिवारी शिफ्ट सुटल्यावर मी कँटीनमध्ये बसणार आहे, ज्यांना स्वतः भरायचंय त्यांनी या. आधारला जोडलेला नंबर ज्या फोनमध्ये आहे तोच फोन आणा, फॉर्म १६ ची प्रिंट आणा, बँक पासबुक आणा. पासवर्ड तुमचा तुम्ही टाईप करायचा, मी स्क्रीनकडं बघणार नाही, ओटीपीही मला सांगायचा नाही. आणि त्याआधी ग्रुपवर टाकलेले पॅन-आधारचे फोटो जेवढे डिलीट फॉर एव्हरीवन होतायत तेवढे करा, होत नसतील तर मला सांगा, अॅडमिन मी आहे, निघतील तेवढे मी काढते. ज्यांनी आधीच एजंटाकडं दिलंय त्यांनी निदान प्रोफाइलमधला नंबर आणि ईमेल आपलाच आहे का तेवढं आज रात्री बघा.